छप्पन कुनाची

ऐक दिशा, आदी तो फोन उलटा ठेव. मधी एक शब्द बोलायचा न्हाई, नुस्तं ऐक. काल आमच्या वस्तीवर जे झालं ना, ते मी सकाळपासून पोटात धरून बसलीय. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला सांगून टाकनार हुते, इतकं.

तात्या आल्ता. व्हय, तोच, ज्ञानेश्वर तात्या, पप्पांचा थोरला भाऊ, मोठ्याईचा नवरा. मागं सांगितलं हुतं ना, मोठ्याईला इथं ठेवून चाकणला दुसरीसंगं राहतो, तिकडं त्याला पोरगा पन हाय. वर्सातून एकदा येतो, आजोबांच्या, आमच्या आण्णांच्या, पाया पडतो, पेढ्याचा बॉक्स ठेवतो आन चोरागत निघून जातो. फक्त काल पेढे न्हवते. काल तो नंबर न्यायला आल्ता.

कसला नंबर काय विचारतीस? छप्पन-छप्पन! आमच्या जीपचा!

तुला वाटंल, गाडीचा नंबर तो काय, चार आकडे. थांब. आमच्या गावात निम्मं गाव गाडेकर हाय. चौकात 'ओ गाडेकर' म्हनलं की आख्खा पार वळून बघतो. म्हनून परत्येक घराला वरून एक नाव पडलंय. कुनी विहिरीवाले गाडेकर, कुनी पोस्टवाले, कुनी बुटके. आन आमी छप्पनवाले. जीप घेतली तवा आण्णांनी नंबर मागून घेतला हुता, छप्पन-छप्पन, का तर म्हने तोंडात बसतो. तो असा बसला का गाडेकर कुठल्या कुठं मागं पडलं. माझा दहावीचा निकाल लागला तवा शाळेतल्या बाई म्हनल्या, "छप्पनची पोरगी पयली आली!"

पन खरी छप्पन म्हंजी मोठ्याई. तात्या गेला तवा जीप लिंबाखाली धूळ खात पडली हुती. पप्पांनी चालवायला काढली आन दोनदा गोठ्याला धडकवली, तवापसून म्हशी जीप दिसली की बिचकत्यात. मग मोठ्याई म्हनली, मी बघते. ऊस तुटून गेलेल्या रानात शिकली ती. आण्णा बांधावर बसून "क्लच! क्लच!" वरडायचे, आन आण्णांना सवताला क्लच कुठं असतो तेच म्हाईत न्हवतं. तवाधरून आमच्या पेरूचे क्रेट राहात्याच्या मार्केटला तीच नेती. येताना कुनाची म्हातारी, कुनाची बाळंतीन, कुनाचं खताचं पोतं. रस्त्यावर लोक इचारत्यात, "छप्पन गेली का गं?" आता हे गाडीला इचारत्यात का बाईला, ते इचारनाऱ्याला पन सांगता यायचं न्हाई. लोकांच्या मोबाईलमधी ती 'छप्पन ताई' नावानं सेव्ह हाय. औंदा तर एका लग्नाच्या पत्रिकेत, देवाशप्पथ, छापून आलं: रोहिणीताई छप्पन. आडनाव म्हनून! मोठ्याई ती पत्रिका बघून इतकी हसली का गॅसवरचं दूध उतू गेलं.

आता जीप म्हातारी झाली. पासिंग होईना, भंगारात द्यायची ठरली, आन मोठ्याईनं सवताच्या कमाईतून नवी बोलेरो बुक केली. सगळं झकास. अडलं कुठं, तर जीप आण्णांच्या, म्हंजी रंगनाथ गाडेकरांच्या नावावर, म्हनून नंबर पन आण्णांच्याच नावावर. पयले तर असा नंबर दुसऱ्याला देताच येत न्हवता. आता नियम निघालाय का घरात देता येतो. पन घरात म्हंजी कुनाला? नवरा-बायको, मुलगा, मुलगी. बास.

कळलं का? सून न्हाई त्यात.

आन हे कधी कळलं, तर घोळ झाल्यावर. पुंजाराम म्हनून एजंट हाय आमच्याकडं, लायसन, पासिंग, सगळी कामं करतो. कायम घाईत असतो. गोठ्याच्या दारात उभं राहून मोबाईलवरच अर्ज भरायला लागला.

"आण्णा, नंबर कुनाच्या नावं करायचा?"

"रोहिनीच्या."

"रोहिनी कोन तुमची?"

आण्णा धार काढत हुते, मान वर न करता म्हनले, "लेक."

ह्यानं ठोकलं: मुलगी!

अर्ज गेला तसा माघारी आला. आरटीओतला सायब पुंजारामला म्हनला, "अहो, मुलगी रंगनाथ गाडेकरांची, आन आधारवर नाव रोहिणी ज्ञानेश्वर गाडेकर. म्हंजी गाडेकराची लेक गाडेकरालाच दिली? भावकीत लग्नं लावता काय तुम्ही?" मंग त्यानं रेशनकार्ड बघितलं. तर ज्ञानेश्वर पन रंगनाथचाच मुलगा! दिशा, सरकारी कागदावर तात्या आन मोठ्याई भाऊ-बहीन झाले हुते! मी तर ओट्यावर लोळून हसले. मम्मीनं पाठीत धपाटा घातला तरी हसू थांबंना. मोठ्याई पन हसत हुती, म्हनली, "चला, औंदा राखी बांधते."

फक्त आण्णा हसले न्हाईत. ते म्हनले, "मंग त्यात चुकलं काय?"

पुंजारामला वाटलं म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं. त्यानं परत मोठ्यानं समजावलं, सून आन मुलगी वेगळी अस्ती आण्णा, कायद्यात सुनेला जागा न्हाई, मुलगा चालंल. आन मुलगा म्हनल्यावर ह्या शहाण्यानं आमच्या पप्पाला इचारायच्या आदी थेट थोरल्याला, चाकणला फोन लावला.

तात्याच्या दारात नवी काळी स्कॉर्पिओ उभी, नंबर पडायचा बाकी. झालं! रविवारी सकाळी धुरळा उडवत हजर.

आता आमची आजी कशी हाय तुला म्हाईत हाय. राहीबाईचा राग म्हंजी राहीबाईचा राग. पोटचं पोरगं दारात उभं, तर ही पान्याचा तांब्या भरून आनून तुळशीला घालून माघारी गेली. त्याच्या डोळ्यांदेखत! तात्या म्हनला, "आये, मला बी तहान लागलीय." आजी म्हनली, "चाकणला नळ आटले का?"

पन मी सैपाकघरात हुते ना, मी बघितलं. आत आल्यावर तिनं पदरानं डोळं टिपलं आन मम्मीला हळूच म्हनली, "वाळलाय गं. ती बया खायला घालती का न्हाई?" मम्मी म्हनली, "आत्याबाई, पोट सुटलंय त्यांचं." तर म्हने, "ते वाताचं."

बाहेर पप्पा आन तात्या लिंबाखाली. पप्पा आदी लई चिडलेले. रातच्याला जेवताना म्हनत हुते, दादा आला तर फाटकाच्या आत घेनार न्हाई. पन समोर आला की ह्यांचा आवाजच बसतो, लहानपनी तात्याच्या सायकलवर डबलसीट शाळेत गेलेत ना.

"हनुमंता, मला नंबर कशाला पाह्यजे ते तरी इचार," तात्या म्हनला.

"कशाला?"

"येताना राहात्यात रसवंतीवर थांबलो. पलीकडच्या बाकड्यावरचा बाबा इचारतो, कुठले पाव्हनं? मी गाव सांगितलं. कुनाचे? म्हनलं गाडेकर. कंचे गाडेकर? म्हनलं, छप्पनवाले. तर तो आनंदानं माझ्या जवळच येऊन बसला. म्हनतो, मंग तुमी छप्पन ताईचे कोन?"

"मंग? काय सांगितलं तू?"

"काय सांगू? ग्लास ठिवला आन गाडीत बसलो." तात्यानं चावीनं लिंबाची साल खरवडायला घेतली. "आरं, ती जीप पयल्यांदा मी चालवली. आण्णांसंगं नंबर घ्यायला मी गेल्तो. छप्पन म्हनलं की ज्ञाना, अशी वळख हुती माझी. आता माझ्याच गावाच्या वाटंवर मला माझ्या बायकोवरून वळख सांगावी लागती, आन ती बी सांगता येईना."

पप्पा पघळले. मला लांबून दिसलं, ह्यांचा हात तात्याच्या खांद्यावर गेला. म्हनलं झालं, आमचा एक गडी गळाला!

मंग सगळे ओट्यावर बसले. आण्णा खुर्चीत, आजी उंबऱ्यात पाठ करून, पन कान बाहेर. पुंजाराम बॅग मांडीवर घेऊन. मोठ्याई खाली पेरू निवडत. तात्या आल्यापासून तिनं मान वर केली न्हवती. राग न्हवता तो. सोमवारच्या मार्केटला माल काढायचा हुता, ती कामात हुती. मला ते लई भारी वाटलं. तो घामाघूम आन ही पेरू दाबून बघतीय, पिकला का कच्चा.

मम्मीनं बार उडवला. "भावजी, मुलगा तर हे पन हायेत की. नंबर ह्यांच्या नावं करा. ह्यांच्याकडून आमच्या संस्कृतीच्या. पोरीला चालतंय ना कायद्यानं? बोलेरो संस्कृतीच्या नावं घ्यायची, चालवायची जाऊबाईंनी. कुनाचं काय जातंय?"

माझं नाव निघालं तशी मी दचकले. आन खरं सांगू, एक सेकंद डोळ्यांपुढं आलं पन, कॉलेजच्या गेटातून छप्पन-छप्पन आत येतीय आन मी ष्टेरिंगला!

आण्णा म्हनले, "आन उद्या हिचं लगीन झालं का नंबर सासरी. हुंडा बंद झालाय म्हनं, आता आकडे द्यायचे का पोरीसंगं?"

"मी न्हाई घेनार," मी म्हनले. "मोठ्याईची गाडी, नाव माझं? लोक हसतील मला."

मोठ्याईनं तवा पयल्यांदा मान वर केली आन माझ्याकडं एक पेरू फेकला. झेलला मी. पिकलेला हुता.

तात्या म्हनला, "थोरला मुलगा मी हाय. आण्णा, सही करा, मी घेतो नंबर. घरातच ऱ्हाईल ना शेवटी?"

"कंच्या घरात?" आण्णा.

म्हैस तेवढी हंबरली.

"तुझ्यामागं तो तुझ्या चाकणच्या पोराकडं जाईल," आण्णा म्हनले, "त्या लेकराचं मी वाईट चिंतत न्हाई. पन त्यानं हा रस्ता बघितला बी न्हाई. ही बाई त्याच रस्त्यानं रोज जाती. लोक हात करत्यात ते तिला. न्हाई करत मी सही. भंगारात गेला तर जाऊ दे नंबर."

"असं कसं आण्णा?" पप्पा उठलेच. "भंगारात? आपलं नावच हाय ते! दादाकडं गेला तर निदान..."

"तू गप. तू लिंबाखालीच इकला गेला."

पप्पा परत बसले.

आन तवा पुंजाराम, एवढा वेळ गप बसलेला पुंजाराम, डोकं खाजवत म्हनला, "एक वाट हाय. पन रागवायचं न्हाई कुनी." सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. "वडलांकडून मुलाला जातो नंबर. आन नवऱ्याकडून बायकोला. म्हंजी आण्णांनी ज्ञानूभाऊला द्यायचा, स्कॉर्पिओला बसवायचा. नंतर ज्ञानूभाऊनं वहिनीला द्यायचा, बोलेरोला. स्कॉर्पिओला दुसरा नंबर मिळंल. दोनदा अर्ज करावा लागंल, पन होतं. तुमची फारकत कुठं झालीय? कागदोपत्री तुमी नवरा-बायकोच हाये की."

दिशा, तुला सांगते, त्या एका वाक्यानं आख्खा ओटा फिरला.

आजी! आजी उठली ती टुनकन, गुडघेदुखी कुठं गेली कुनास ठाऊक. आत जाऊन तांब्या भरून आनला आन तात्याच्या हातात दिला. मंग मला म्हनली, "रवा भाज. शिरा कर." मी म्हनले, "आजी, कशाचा शिरा?" तर कानात म्हनली, "येडे, तो सगळ्यांसमोर कागदावं लिवनार, ही माझी बायको हाय. आन ही लिवनार, मी ह्यांची. मी ह्याच्यासाठी किती सोमवार धरलेत तुला काय ठावं!" तिच्या डोक्यात तवा नंबर न्हवताच. आजीच्या डोक्यात वरात चालली हुती. मी हलले न्हाई, तर तिनं सवताच रवा भाजायला घेतला.

पप्पा खूश. मम्मी पन फिरली, म्हनली, "हे बरं हाय बाई, साप बी मरंल आन काठी बी..."

आन तात्या. तात्या तर एकदम मोठ्या मनाचा झाला. चेहराच बदलला. पानी पिला, मिशा पुसल्या आन म्हनला, "माझी काय हरकत न्हाई. रोहिनी, तुझ्यासाठी करतो मी एवढं. मी घेतो आन तुला देतो. एवढी वर्सं तू ह्या घरात माझ्या नावानं थांबलीस..."

मोठ्याईच्या हातातला पेरू क्रेटमधी गेला न्हाई, तसाच हातात ऱ्हायला.

"कुनाच्या नावानं?" ती म्हनली.

आवाज चढवला न्हाई हां तिनं. रोज पेरूचा भाव इचारती तसं इचारलं.

"तसं न्हाई, म्हंजी..."

"न्हाई, सांगा ना. मी तुमची वाट बघत थांबले, असं वाटत हुतं तुमाला? एवढी वर्सं?"

तात्या पुंजारामकडं बघायला लागला, जसं काय ते पन त्यानंच भरून द्यावं.

"गाडीत कुनी नवी बाई बसली ना," मोठ्याई म्हनली, "तर इचारती, कोनाची गं तू? मी म्हनते, छप्पनची. पुढं कुनी इचारत न्हाई. तुमचं नाव घ्यायची येळच आली न्हाई माझ्यावं. आन आता छप्पन ऱ्हायचं असंल तर आदी तुमची बायको व्हा म्हनत्यात. भारीच हाय की कायदा."

मला वाटलं संपलं. आता ती म्हननार, नको मला नंबर. मी तर टाळ्या वाजवायच्या बेतात हुते. आजी शिऱ्याची कढई हातात घेऊन दारात थिजलेली.

पन मोठ्याईनं हात धुतले. पदराला पुसले. आन पुंजारामसमोर येऊन बसली.

"पुंजारामभाऊ, एक सांगा. एकदा नंबर माझ्या नावं झाला, आन मंग फारकत झाली, तर नंबर माघारी जातो का?"

"न्हाई. गाडी तुमची, नंबर तुमचा. मंग कुनी घेऊ शकत न्हाई."

"आन फारकत आदी झाली तर?"

"तर तुमी बायकोच न्हाई. मंग न्हाई मिळत."

"म्हंजी आदी नंबर, मंग फारकत."

"क्रम तोच," पुंजाराम म्हनला, आन आजीकडं बघून लगेच खाली बघितलं.

"मंग लिवते मी पत्नी," मोठ्याई म्हनली. "एकदाच. आन त्याच्यानंतर कोर्टाच्या कागदावं दोघांनी सही करायची, ती बी एकदाच. तुमी तिकडं मोकळं, मी हिकडं. त्या बाईचं बी एकदा नीट लगीन होऊ द्या, ती तरी किती दिवस अशी ऱ्हाईल? हाय का कबूल?"

तात्याचं तोंड बघायला पाह्यजे हुतं तू. त्यानं पप्पाला मंग सांगितलं म्हने, जाताना गाडीपाशी, का मला फारकत पाह्यजेच हुती रं, चाकणची रोज कटकट करती, पन हिला कसं इचारायचं म्हनून कधी बोललो न्हाई, वाटायचं बिचारी मोडंल. आन मोडायची सोडून ती तर हिशेबानं बोलायला लागली. त्याला सुटल्याचं वाटायला पाह्यजे हुतं. तर म्हनला, हनुमंता, पायाखालचं रान सरकलं. इकडं कुनीतरी आपली वाट बघतंय ह्याच्यावर मी तिकडं राहत हुतो.

आजीनं कढई खाली ठिवली. "अगं रोहिनी," तिचा आवाज इतका बारीक झाला, "फारकत झाल्यावं तू कुठं जाशील गं?"

"जाते कुठं आत्याबाई? उद्या क्रेट कोन नेनार? हनुमंत भावजी? म्हशी अजून त्यांचं नाव घेतलं की दूध चोरत्यात."

पप्पा पन हसले. आजी हसली न्हाई. ती आण्णांकडं बघत हुती, कारन सून ऱ्हायली न्हाई तर घरात ठेवायचं कुठल्या नात्यानं, हे घरात म्हाताराच सांगनार. आण्णांनी पुंजारामच्या मोबाईलकडं बोट दाखवलं. मंग म्हनले, "पुंजाराम, तू म्हनला ना, म्या चुकून लेक सांगितलं म्हनून?"

"तसं न्हाई आण्णा, ऐकन्यात..."

"चुकून तर मी तिला सून म्हनतो." मंग आजीला, "ऐकलं का? शिरा आन. लेकीला आदी दे."

दिशा, मला हुंदकाच आला. मी रवा भाजायच्या निमित्तानं आत पळाले, आन रवा तर आदीच भाजून झालेला!

पन खरी गोष्ट पुढंच हाय. नीट ऐक. शिरा खाल्ला सगळ्यांनी, तात्यानं पन, खाली मान घालून. आन मंग आण्णा म्हनले, "सगळं कबूल. पन मी आदी ह्याच्या नावं करनार, मंग हा हिच्या नावं करनार. मधी हा फिरला तर? नंबर ह्याच्या गाडीला लागला, हा चाकणला गेला, मंग फोन उचलला न्हाई तर? न्हाई. आदी ह्याच्याकडून लिवून घ्या."

पप्पा म्हनले, "व्हय, लिवून घेऊ. स्टँपवर."

मम्मी म्हनली, "भावजी, रागवू नका, पन तुमचा काय भरवसा? तुमी मोटरसायकल काढून 'पेट्रोल टाकून येतो' म्हनून गेल्ते."

खरंच तसाच गेल्ता तो. तात्या लालबुंद. उठला, चप्पल घालायला लागला. पुंजाराम बॅगची चेन लावायला लागला. सगळं फिसकटत हुतं, तेवढ्यात मोठ्याई म्हनली, "काय लिवून घ्यायचं न्हाई."

"वहिनी!" पप्पा.

"लिवलेलंच हुतं की एकदा, लग्नाच्या दाखल्यावं. काय उपेग झाला?" तिनं पुंजारामच्या खिशातला पेन काढला आन आण्णांच्या हातात दिला. "आण्णा, करा सही. द्या ह्यांना."

"रोहिनी, नाव हाय तुझं ते."

"म्हनून तर. माझं हाय म्हनून मी म्हनते, द्या."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं, पप्पांकडं बघितलं. सही केली. पुंजारामनं तो कागद तात्याच्या हातात दिला, म्हनला, बाकीचं ऑफिसात करू. तात्या तो कागद असा धरून उभा, जसं कुनी त्याच्या हातात तान्हं मूल दिलंय आन मान कशी धरायची त्याला म्हाईत न्हाई. त्याला कायतरी बोलायचं हुतं. मोठ्याईनं येळच दिली न्हाई, म्हनली, "जाताना मागं क्रेटभर पेरू ठिवलेत, न्या. पोराला आवडतील." आन परत निवडायला बसली.

स्कॉर्पिओ गेली. धुरळा खाली बसला. मंग आण्णा म्हनले, "दील का गं तो?"

"म्हाईत न्हाई."

"आन न्हाई दिला तर?"

मोठ्याईनं एक किडका पेरू बाजूला टाकला.

"न्हाई दिला तर न्हाई दिला. मंग त्यांच्या दारात रोज सकाळी छप्पन उभी दिसंल. त्या बाईला बी, त्यांना बी. कंपनीत जायचं तर तिचंच दार उघडून आत बसायचं, आन रसवंतीवं कुनी इचारलं तर सांगायचं बी, कुनाची ते. बघू द्या की, किती दिवस बसवतंय."

आन गुनगुनत क्रेट भरायला लागली. बघ! मी हुते ना, मी तर तो कागद त्याच्या हातातून हिसकावून घेतला असता, न्हाईतर स्टँपावर सतरा सह्या घेतल्या असत्या. काल संध्याकाळपासून पप्पा दर घटकेला फोन बघत्यात, आजी देवापुढं बसलीय, पन कशासाठी बसलीय ते तिलाच ठरवता येईना. एकटी मोठ्याई तेवढी सकाळी जीप काढून नेहमीसारखी मार्केटला गेली, मला स्टँडवर सोडलं, आन मी इचारलं, "मोठ्याई, भीती न्हाई वाटत?" तर म्हनली, "वाटती की. पन आता ती त्यांच्याकडं बी गेलीय ना."

तू सांग दिशा, आता बोल, आता बोललीस तरी चालंल. तू असतीस तर, जो एकदा पेट्रोल टाकून येतो म्हनून गेला, त्याच मानसाच्या हातात तुझं सवताचं नाव असं सही करून दिलं असतंस?